डोहावर ओ द्यायची नाही

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. खोली बोटींच्या शेडवर आहे, लोखंडी जिन्याच्या बावीस पायऱ्या चढून. पलंगाचा एक पाय आखूड होता, त्याखाली जुनी टाइल सरकवली. खिडकी उघडली की समोर तलाव. पलीकडचा काठ दुपारी धूसर दिसतो, सकाळी तर दिसतच नाही.

पंधरा वर्षं फेरीबोट चालवली. मग नदीवर पूल झाला आणि माझी बोट भंगारात गेली. पुलाला शिव्या घालून झाल्या, आता नवं काम. हौशी मंडळींना दिवसभर तलावावर शिंगाळा मासा धरायला न्यायचं. बोट मी चालवायची, मासे कसे धरायचे ते काकांनी शिकवायचं.

काका म्हणजे इथले जुने वाटाडे. साठी उलटलेली, आणि मिशा अशा की शिंगाळ्याने बघून मान खाली घालावी. मला म्हणाले, एकोणीस वर्षांत तुला धरून सहा चालक पाहिले, बाई पहिलीच, आता निदान बोट स्वच्छ राहील. मी सांगून टाकलं की ज्याने घाण केली त्याने धुवायची, हा माझ्या बोटीवरचा कायदा. हसले. तेव्हापासून मला कॅप्टन म्हणतात. जमेल आमचं.

मालकीणबाईंनी ऑफिसातच किल्ल्या हातात दिल्या. धक्का इथून पन्नास पावलांवर, पण दाखवायला आल्या नाहीत.

५ मार्च

पहिली फेरी. दोन साडू आले होते, दिवसभर एकमेकांच्या चुका काढत होते. उजाडताना निघालो. काकांनी कोंबडीच्या काळजाचे तुकडे गळाला लावून दाखवले. शिसं तळाला टेकलं पाहिजे, कारण शिंगाळा तळाशी चरतो आणि डोळ्यांपेक्षा मिशांनी बघतो. ओढ लागली तरी लगेच झटका मारायचा नाही, त्याला नीट गिळू द्यायचं. धाकट्या साडूला हे शेवटपर्यंत जमलं नाही आणि थोरल्याला त्याचा फार आनंद झाला.

दुपारी डोहावर नांगर टाकला. ही तलावातली सगळ्यात खोल जागा. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर आकडा वाढत वाढत गेला आणि मग नुसत्या दोन रेघा आल्या. मोठे मासे इथेच. थोरल्या साडूने अकरा किलोंचा काढला. शिंगाळा पाण्याबाहेर आला की घुर्रघुर्र आवाज करतो, हे मला माहीत नव्हतं. फोटो काढून सोडून दिला.

एक गंमत. डोहावर पोचल्यावर काकांनी सगळ्यांना बजावलं की इथे कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. साडूंना वाटलं मासे बिचकतात म्हणून. मलाही तसंच वाटलं.

७ मार्च

आज डोहावर आईने मला हाक मारली.

लिहिताना हसू येतंय, पण जसं झालं तसं लिहिते. दुपारचे दोन, ऊन डोक्यावर, गिऱ्हाईक डब्यातली पोळी खात बसलेलं. बोटीच्या डाव्या अंगाला, पाण्यातून, अगदी जवळून आवाज आला, "भिंगरे." लहानपणी मी एका जागी टिकत नसे म्हणून आई मला भिंगरी म्हणायची. अजूनही म्हणते. दुसरं कुणी म्हणत नाही.

तोंड उघडलंच होतं. काकांनी मनगट धरलं आणि मान हलवली.

परत आल्यावर आईला फोन लावला. ती भावाकडे मजेत आहे, गुडघ्याची तक्रार करत होती.

काकांनी मग सगळं सांगितलं. खाली काय आहे ते त्यांनाही ठाऊक नाही. ते ज्याला त्याला त्याच्या ओळखीच्या आवाजात बोलावतं. ओ दिली की माणूस जातो. त्यांना एकोणीस वर्षं त्यांची बायको बोलावते, आणि ती तर त्यांना सोडून दुसऱ्या गावी सुखाने नांदते आहे. म्हणाले, त्यामुळे ओ न देणं मला सोपं जातं.

९ मार्च

एक माणूस गेला.

निवृत्त पोस्टमास्तर, एकटेच आले होते. बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून घरात बसवत नाही म्हणाले. काकांनी बजावलं, मी बजावलं. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. मला काहीच ऐकू आलं नाही. मास्तरांनी मात्र चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "ओ, आलो गं." लाइफ जॅकेटचे पट्टे सोडले आणि घरच्या पायरीवरून उतरावं तसे पाण्यात उतरले.

मी पाठोपाठ उडी मारली. मला पोहता येतं, चांगलं येतं. हाताला त्यांची बाही लागली. मग ती खाली खेचली गेली, आणि ते वजन एका माणसाचं नव्हतं.

पोलिसांनी झटका आला असेल असं लिहून घेतलं. मी सही केली नाही.

१० मार्च

मालकीणबाईंशी भांडण. डोहावर बोट न्यायची नाही, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, लोक मोठ्या माशासाठीच येतात, आणि म्हाताऱ्याच्या गोष्टींवर धंदा चालत नाही. मी विचारलं, मग तुम्ही धक्क्यावर का येत नाही. टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या की त्यांचे यजमान तिथूनच गेले, आणि धक्क्यावर उभं राहिलं की ते चहा मागतात.

मला राग आला, आणि कीवही आली. पण राग जास्त. इतकं ठाऊक असून बाई लोकांना पाठवते.

सांगून आले की काढायचं तर काढा, पण सुकाणू माझ्या हातात आहे तोवर बोट डोहावर जाणार नाही. काढलं नाही. दुसरं कोण येणार आहे इथे?

काकांनी पिशवी भरायला सांगितलं. मी पळणार नाही. मी गेले की सातवा चालक येईल, आणि त्याला हे कोण सांगेल?

१३ मार्च

आज एक बाप आणि त्याची दहा वर्षांची मुलगी. मुलगी बडबडी, काकांच्या मिशांना हात लावू का म्हणून विचारत होती. मी बोट उत्तरेच्या उथळ भागात नेली. खोली बारा फूट, तळाचं गवत दिसत होतं. मुलीने हाताएवढा शिंगाळा काढला, त्याच्या मिशा मोजल्या. आठ. सगळे खूश.

साडेअकराला यंत्राकडे लक्ष गेलं. चाळीस फूट. मग नव्वद. मग दोन रेघा.

बोट जागची हलली नव्हती. नांगराची दोरी सरळ खाली गेलेली, ताठ. डोह आमच्याकडे आला होता.

मुलीने एकदम मान वळवली. तिला तिची आजी ऐकू आली असणार, कारण चेहरा उजळला आणि ओठ गोल झाले. बाप गळात गुंतलेला. काका बोटीच्या दुसऱ्या टोकाला. मी होते तिच्यापासून चार पावलांवर, आणि तोंड दाबायला वेळ नव्हता.

तिच्याआधी मी ओरडले, "ओ! मी आहे इथे. बोल."

मग पाय आपोआप चालायला लागले. काठाकडे. अंगात भीती नव्हती, उलट फार बरं वाटत होतं, शाळेतून घरी निघाल्यासारखं. तेच सगळ्यात वाईट. मी कठड्यात हात कोपरापर्यंत अडकवला आणि म्हटलं, "ऐकलं मी. पण येणार नाही. समजलं? मी येणार नाही." तीन वेळा म्हटलं. काकांनी नांगराची दोरी कापली आणि इंजिन सुरू केलं.

मुलगी सुखरूप. तिला वाटलं मावशी थट्टा करते.

कोपर निखळलंय. बसवून आणलं.

१४ मार्च

सकाळी उठले तर आवाज बसलेला. डॉक्टरने घसा बघितला, काही नाही म्हणाला. बोलायला गेले की नुसती घुर्रघुर्र.

पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी.

काकांना लिहून दाखवलं, हसून दाखवलं. ते हसले नाहीत. ओ दिलीस आणि गेली नाहीस, असं आजवर कुणी केलं नाही, म्हणाले. काहीतरी ठेवून घेतलं असेल त्याने.

१५ मार्च

हात गळ्यात बांधलेला, म्हणून काका एकटेच बोट घेऊन गेले. गिऱ्हाईक नव्हतं, कापलेला नांगर शोधायचा होता. मी नको म्हणून खुणा केल्या. ते म्हणाले, एकोणीस वर्षं ज्याने ओ दिली नाही तो आता थोडाच देतोय.

मी खिडकीत बसले.

अकराला पाण्यावरून माझा आवाज आला. स्वच्छ, मोकळा, माझा. माझाच म्हणून मलाही ऐकू आला असणार. "काका, जरा इकडे या हो."

मी खिडकीची काच फोडली. बादली वाजवली. ओरडायला गेले, घुर्रघुर्र —

लांबून काकांचा आवाज आला. रोज देतात तसाच, सवयीने. "ओ, आलो कॅप्टन."

१६ मार्च

बोट सापडली. रिकामी. काकांची टोपी बाकावर, नीट ठेवलेली.

मालकीणबाई पहिल्यांदा धक्क्यावर आल्या. कानात कापूस घालून. माझ्याजवळ बसून राहिल्या. म्हणाल्या, बंद करते सगळं. मी मान हलवली. बंद करून काय होणार? तलाव मोठा आहे, चारी बाजूंनी गावं आहेत. आता त्याच्याजवळ माझा आवाज आहे. आईला माझा आवाज ओळखता येतो. भावाला येतो. फेरीबोटीवर पंधरा वर्षं रोज शेकडो माणसं —

नाही. माझ्या आवाजाने माझं माणूस नेलं. हे मी चालू देणार नाही.

१७ मार्च, सकाळ

शेडमधली सगळ्यात जाड तार घेतली. तिथल्याच दुसऱ्या एका नांगराचा गळ केला, कानशीने टोक काढलं. कमरेला दोरी, दोरी बाकाच्या खुंट्याला. एका हाताने जमलं. मालकीणबाईंनी गाठी मारल्या. पक्क्या मारल्या, बाईच्या हाताला जोर आहे. काठावर थांबते म्हणाल्या. पोरीचा बाप परवा मिठाई ठेवून गेला होता, ती बाईंनी मला सोबत घ्यायला लावली.

भीती वाटते का? वाटते. वाटू दे.

१७ मार्च, दुपार

डोहावर. वारा नाही. वही मांडीवर. यंत्रावर दोन रेघा.

तार खाली सोडली. संपेपर्यंत सोडली, टोक गळ्यात बांधलेल्या हाताला गुंडाळलं.

बोलावतंय. आई. मग पोस्टमास्तर. मग काका — अगदी काका, "कॅप्टन, चहा झाला का." डोळ्यांत पाणी आलं पण तोंड उघडलं नाही.

मग माझा आवाज. मलाच बोलावतो. गोड लावून.

थांबला.

आता माझी पाळी. आजवर त्यानेच हाका मारल्या. त्याला कुणी मारलीच नाही. बोटीच्या तळावर वल्हं आपटलं, तीनदा. घसा फाडून, जसा आहे तसा, घुर्रघुर्र तर घुर्रघुर्र — खाली आहेस तो, वर ये.

काही नाही.

पुन्हा. वर ये.

पाणी गप्प. बुडबुडासुद्धा —

पुन्हा.

"ओ."

माझ्याच आवाजात. खालून. घाबरलेला.

ओ दिली त्याने. ज्याने ओ दिली त्याला यावं लागतं, कायदा त्याचाच. तार ताठ झाली. बोट कलंडते, धरून आहे. यंत्रावर आकडा दिसायला लागला — नव्वद — साठ — वर येतंय, फार मोठं आहे, बोटीच्या दोन्ही बाजूंना — मिशा आधी —

चाळीस. वीस. मी सोडणार नाही, बघ, पाय रोवून उभी आहे, हात निखळला तरी सोड