दहा वर्षं टिकणारा

३ मार्च

लॅपटॉपची स्क्रीन पुन्हा मागे कलंडली. बिजागरी तुटलीय. इस्त्रीला टेकवून काम केलं – डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे, टाइप करायचे, पाठवायचे. त्यांतला एक वाक्यावाक्याला खोकतो.

ऑफिसचा नियम साधा आहे. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्यानं ऑफिसात येऊन बसायचं. म्हणून हा कधी मरतो याची वाट बघते आहे. हे फक्त इथंच लिहिता येतं.

५ मार्च

भावजींनी बिजागरी बसवून दिली. आणखी काही महिने निघतील म्हणाले. आभार मानले.

१० मार्च

बंद पडला! सासूबाईंना अंघोळ घालून आले, तर स्क्रीन काळी. त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून मी घरून काम करते. 'थोडे दिवस' असं ठरलं होतं तेव्हा.

ऑफिसला फोन केला. खिडकीजवळची जागा रिकामी आहे, सोमवारपासून या, म्हणाले. आज इस्त्रीनं कपड्यांना इस्त्री केली.

११ मार्च

जेवताना नवरा आणि भावजी, दोघा भावांनी मिळून माझा लॅपटॉप ठरवला. महागातला. एवढा कशाला, मी म्हटलं, स्वस्तातला दोन वर्षं चालला तरी पुष्कळ. भावजी हसले. स्वस्तातलं घ्या आणि रडत बसा, वहिनी! याची बॉडी धातूची, बॅटरी बदलता येते, सुटे भाग मिळतात.

"एकदाच काय ते घेऊ," नवरा म्हणाला. "दहा वर्षं बघायला नको."

दहा वर्षं. हेच टेबल, हीच भिंत. आणि प्रेमानं देतायत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

१३ मार्च

आला. देखणा आहे, खोटं कशाला बोलू. कुठं कुरकुर नाही. ऑफिसला अजून कळवलेलं नाही. सोमवारपर्यंत जागा ठेवतायत, नंतर दुसऱ्या कुणाला.

१४ मार्च

सासूबाई वॉकर घेऊन टेबलापाशी आल्या. भांडं घेताना वाजवून बघतात तसं लॅपटॉपवर बोट ठोकलं. दणकट आहे म्हणाल्या, माझ्यामागेही राहील.

मी हसले.

"हसू नकोस. हाड मोडलंय माझं, डोळे शाबूत आहेत. काय झालंय?"

सांगितलं. खिडकीसकट सगळं. मग म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याचं ऑफिस तर मागेच म्हणत होतं, इमारतींचे नकाशे घरून काढले तरी चालतील. मला ते ठाऊक होतं. विचारायचा धीर नव्हता.

"अंघोळीला बाई ठेवू. पाणी आणून द्यायला काय सूनच लागते?"

१५ मार्च

संध्याकाळी सासूबाईंनी नवऱ्याला खोलीत बोलावलं. दार लोटलेलं. मी भांडी घासत राहिले – घासलेलीच.

१६ मार्च

सोमवार. दुपारी ऑफिसात, खिडकीजवळ बसले होते, तर घरून नवऱ्याचा फोन. आईची गोळी कुठली, पिवळी की पांढरी? पांढरी, सांगितलं. नवा लॅपटॉप कामाला कसा वाटतो, मी विचारलं.

"चांगला आहे," तो म्हणाला. मग, "तू किती वाजता येणार?"