फ्रिजच्या दारावरचं आकाश

आई,

तुझ्या नातीने परवा फोनवर मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही, म्हणून लिहायला बसले. इथल्या एका संग्रहालयात ती बेल्जियमच्या अतिवास्तववादी चित्रकारांवर बोलणार आहे आणि त्यासाठी तिला तुझी स्लाइड्सची पेटी हवी आहे. ईडन प्रेरीचं हे घर विकायचंय, त्याआधी नागपूरहून आणलेली ती पेटी आणि तुझा प्रोजेक्टर मी टाकून देणार होते. स्लाइड्स गुलाबी पडल्या आहेत आणि ती सगळी चित्रं आता तिच्या फोनवर दिसतात. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, चित्रं नकोत, आजी हवी आहे. मग म्हणाली, "आई, एअरपोर्टवर आजी येते म्हणाली होती. डिड शी लाय?"

नागपूरचं आपलं स्वयंपाकघर. मे महिन्यातली दुपार, खिडकीवर सोलापुरी चादर टांगून केलेला अंधार. आर्ट कॉलेजात शिकवताना वापरतेस तो तुझा प्रोजेक्टर तू ओट्यावर ठेवला आहेस आणि फ्रिजच्या पांढऱ्या दारावर व्याख्यानाची तालीम करते आहेस. दारावर एक चित्र आहे: वर लख्ख दुपारचं आकाश, खाली रात्रीची गल्ली, गल्लीत एकच पेटलेला दिवा. मला पाणी हवं असतं. मी दार उघडते तसं आकाश वाकडं होत बाजूला सरकतं आणि ढगामागून कोथिंबीर दिसते. आतला उजेड फ्रिजचा की त्या गल्लीतल्या दिव्याचा, हे मला क्षणभर खरोखर कळत नाही. तू म्हणतेस, "दार लाव, आकाश सांडेल."

तुमच्या कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात या बेल्जियमच्या मंडळींना पॅरिसच्या प्रकरणाच्या शेवटी अर्धं पान होतं, आणि त्याचा तुला राग होता. पॅरिसवाले डोळे मिटून स्वप्नं शोधत होते, तू सांगायचीस. ब्रुसेल्सचे हे लोक टक्क जागे होते. कोट-टाय घालायचे, जेवायच्या खोलीत इझल मांडायचे, दगड अगदी दगडासारखा काढायचे. फक्त तो हवेत तरंगत असायचा, किंवा त्याच्याखाली भलतंच नाव असायचं. पुढे जाहिरातवाल्यांनी त्यांच्याकडून वाटेल तेवढं उचललं, तरी इतिहासात ते पॅरिसची शाखाच राहिले.

मी तेव्हा इंजिनियरिंगला होते. खाली नाव चुकीचं लिहिलं की झाली का कला, असं मी फटकन विचारलं. शनिवारचा नारळ शेजारीच होता. तो तू माझ्या हातात दिलास.

"वाढव."

मी फोडला.

"काय केलंस?"

"वाढवला."

"मग ही चित्रं तुला का कळत नाहीत?"

दुकान बंद करताना आपण ते वाढवतो. मंगळसूत्र तुटलं तर ते वाढलं म्हणतो. निघताना येते म्हणतो. उत्तरं मला फार लवकर सापडतात, असंही तू त्या दिवशी सुनावलंस. तुझं व्याख्यान झालंच नाही. अर्धं पान पुरे आहे, असं विभागप्रमुख म्हणाले. तू स्लाइड्स पेटीत भरल्यास आणि परत तो विषय काढला नाहीस.

बऱ्याच वर्षांनी तू इथे आमच्याकडे आलीस आणि परत जाताना विमानतळावर वाकून नातीला "येते हं" म्हणालीस. ती तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली होती. त्या हिवाळ्यात ती स्नोबूट घालून तुझी वाट बघत खिडकीशी उभी राहायची, आणि हिवाळा संपायच्या आत तिकडे नागपुरात तू गेलीस. तेव्हापासून ती घरातून निघताना मुद्दाम "जाते" म्हणते. मी दर वेळी दटावते, जाते म्हणू नये. तिचं उत्तर ठरलेलं असतं: "आय ॲम गोइंग, आई. सो, जाते." आमचं हे भांडण ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी दारातच उभं आहे.

आज ती पेटी न्यायला आली. एकेक स्लाइड खिडकीशी धरून बघत होती. बाहेर बर्फ, आणि बर्फावर तुझे ते गुलाबी पडलेले ढग. पेटी तुला नक्की कशाला हवी, असं तिला विचारायचं मी ठरवलं होतं. त्याऐवजी मी तिला नारळाची गोष्ट सांगितली. तिने हातातली स्लाइड खाली ठेवली.

"म्हणजे आजीने सांगितलं होतं," ती म्हणाली. "शी वॉज टेलिंग मी शी वॉज गोइंग. मला फक्त मराठी कमी येत होतं."

मी चहा टाकायला उठले. बसून राहणं जमलं नसतं.

जाताना तिने बूट चढवले, प्रोजेक्टर आधी गाडीत ठेवला, मग पेटी छातीशी धरली आणि दारातून म्हणाली, "येते." मी दटावायला तोंड उघडलं होतं.

हा कागद माझ्याजवळच राहील. हिशेबाला म्हणून लिहून ठेवते. आज दिलं ते: लाकडी पेटी, तुझा प्रोजेक्टर (दिवा गेलेला, तसाच), आणि "वाढव" हा शब्द. स्लाइड्स सगळ्या आहेत असं मी तिला सांगितलं. सगळ्या नाहीत. दुपारचं आकाश आणि रात्रीची गल्ली माझ्या फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.