यंदाचा अल्बम माझाच

३ डिसेंबर, रविवार, सकाळ

संकल्प: यंदा हात उचलायचा नाही. मुद्द्याला मुद्दा, बस्स. गेल्या डिसेंबरात चष्मेवाल्याच्या दुकानाची काच फुटली. त्यात डोकं मास्तरांचं होतं, माझं नाही. तरी बायकोने वर्षभर मलाच ऐकवलं.

आमचं मंडळ चौघांचं. गणिताचे मास्तर, चष्मेवाला, माझा मेहुणा आणि मी. डिसेंबरात प्रत्येकाने वर्षातला आपला सर्वांत लाडका अल्बम आणायचा. चष्मेवाला जिथे डोळे तपासतो त्या मागच्या खोलीत दर रविवारी एक अल्बम सबंध ऐकायचा. सबंध ऐकला गेला नाही तर तो बाद. ३१ तारखेला मतदान. स्वतःला मत देता येत नाही. जिंकेल त्याचं कव्हर फ्रेम करून भिंतीवर, अक्षरांच्या तक्त्याशेजारी.

भिंतीवर तिघांचीही कव्हरं आहेत. माझं एकही नाही. उघड आहे, माझी आवड या लोकांच्या डोक्यावरून जाते.

यंदा चिंता नाही. यंदा माझ्याकडे पांढरं पाकीट आहे. जुन्या रेकॉर्डवाल्याकडे ढिगात सापडलं. कव्हर कोरं, रेकॉर्डच्या मधली चकतीही कोरी. रेकॉर्डवाला म्हणाला, कारखान्यातून आलेला यंदाचाच माल आहे, पण कोणाचा ते त्यालाही ठाऊक नाही. घरी लावलं आणि अंगावर काटा आला. एक म्हातारा गातोय. आवाज विहिरीतून आल्यासारखा. ठोका इतका सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाने आयुष्याचा विचार करावा. शब्द कळत नाहीत. थोर माणसं कळावं म्हणून गात नाहीत.

३ डिसेंबर, संध्याकाळ

मास्तरांचा अल्बम. एक व्हायोलिन, एकच सूर, तासभर. संपल्यावर चष्मेवाला म्हणाला, यापेक्षा आमच्या काच घासायच्या मशीनची घरघर बरी. मास्तरांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि त्याच्या कानशिलावर ठेवून दिली. चष्मेवाल्याने मास्तरांच्या दंडाला चावा घेतला. रक्त आलं.

मी मध्यस्थी केली. त्यासाठी मास्तरांच्या छातीवर बसावं लागलं. खुर्चीचा तुटलेला पाय माझ्या हातात राहिला हे खरं, पण मी तो वापरला नाही. एकदाच वापरला.

संकल्प शाबूत. मध्यस्थी हिंसेत धरत नाहीत.

५ डिसेंबर

बायकोने मानेवरचे ओरखडे पाहिले. मांजर, म्हणालो. ती म्हणाली, मांजर हल्ली गणित शिकवतं का?

१० डिसेंबर, रविवार

चष्मेवाल्याचा अल्बम. नुसते ड्रम. मास्तर कानात कापूस घालून बसले. हा अपमान समजून चष्मेवाल्याने कापूस काढायला चिमटा आणला आणि कापसाबरोबर थोडा कानही घेतला. मग स्टूल उडालं. ते सरळ मेहुण्याच्या डोक्यावर चाललं होतं, मी पाठ पुढे केली. पाठीवर ताटाएवढा काळानिळा डाग आहे. मेहुणा वाटेभर माझी बॅग धरून चालत होता.

या पोराने मला रेकॉर्डचा नाद लावला. माझ्या लग्नात सगळी मंडळी जेवायला गेली आणि आम्ही दोघं स्पीकरच्या मागे बसून बेस ऐकत होतो. सासरकडचं मला पाहून खरोखर खूश होणारं माणूस हे एकच. आज म्हणाला, भाऊजी, पुढच्या रविवारी माझा अल्बम ऐका, तुमच्यासाठीच राखून ठेवलाय.

पुढच्या रविवारी कितीही टाकाऊ निघाला तरी वाहवा करायची. ठरलं.

१७ डिसेंबर, रविवार

पहिलं गाणं कसंबसं सहन केलं. कोणी नवीन मुलगी. किनरा आवाज, धावता ठोका. जिन्यावरून डबे गडगडत यावेत तसं. मी सौम्य शब्दांत म्हणालो की हे दोरीवरच्या उड्यांना चांगलं आहे. मेहुणा हसून म्हणाला, भाऊजी, जरा थांबा, दुसरं ऐका. दुसरं सुरू झालं. मी म्हणालो, माझ्याकडचा म्हातारा ऐक, मग तुला कळेल की गाणं कशाला म्हणतात. त्यावर तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही गाणं ऐकतच नाही, तुम्ही फक्त जिंकायला येता.

मी ठोक्याविषयीचा मुद्दा हाताने समजावत होतो. त्याचं तोंड माझ्या कोपराच्या वाटेत आलं.

पुढचा दात पडला. मुळासकट. डोळे तपासायच्या खुर्चीखाली गेला, चष्मेवाल्याने टॉर्च लावून शोधला. मेहुणा दोन्ही हात तोंडावर धरून उभा. शर्ट लाल. मास्तरांनी नियम वाचून दाखवला की अल्बम सबंध ऐकला गेला नाही, सबब बाद.

अपघात होता. संकल्पात अपघाताविषयी काही नव्हतं.

१८ डिसेंबर

बायको बोलत नाही. चहाचा कप टेबलावर आपटते. एक फुटला. मी म्हणालो, बघ, राग आला की तुझ्याही हातून होतं. दुसरा कप माझ्या दिशेने आला. नेम वाईट नाही तिचा.

२० डिसेंबर

मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो. कवळ्या, टोप्या, प्लेटवरचे दात. आज डॉक्टरांकडून मापं आली. एका मापावर मेहुण्याचं नाव. प्लॅस्टर ओतलं, सुकू दिलं, साचा उघडला. त्याचं तोंड हातात आलं, पुढच्या दाताच्या जागी खिडकी.

काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. दिवसभर तेच केलं. शेजारच्या दाताला बारीक पिवळसर कड आहे, तीही उतरवली. इतका चांगला दात मी आजवर कोणाचा केला नाही.

दात डॉक्टरांकडे पाठवला. मी केला हे कळवू नका असं सांगितलं. मोठेपणा म्हणतात तो हा.

२४ डिसेंबर, रविवार

माझा दिवस. घरून रेकॉर्डचं मशीन खांद्यावर नेलं. मेहुणा आला नाही. पांढरं पाकीट लावलं. मास्तर तिसऱ्या गाण्याला घोरायला लागले. चष्मेवाला म्हणाला, या गायकाला कोणीतरी दवाखान्यात न्या, फार यातना होतायत. मी शांत राहिलो. रेकॉर्ड संपल्यावर त्याचं डोकं नजर तपासायच्या मशीनमध्ये घातलं आणि पट्टा आवळला. मास्तर जागे झाले आणि माझ्या गुडघ्यावर पट्टी हाणली. मी पट्टी वाकवली. एकंदर प्रतिसाद उत्तम.

आता हिशेब सरळ आहे. मास्तर चाव्यामुळे चष्मेवाल्याला मत देणार नाहीत. चष्मेवाला पट्टीमुळे मास्तरांना देणार नाही. मेहुण्याचा अल्बम बाद. राहिलो कोण?

गुणवत्ता शेवटी वर येतेच.

२८ डिसेंबर

सुट्टी घेतली होती. म्हाताऱ्याला ऐकत पडलो होतो. बायको धूळ झटकत होती. फडकं मशीनच्या स्पीडच्या खटक्याला लागलं. तेहेतिसावरचा खटका पंचेचाळिसावर गेला.

म्हातारा गेला. मुलगी गायला लागली.

तोच किनरा आवाज. तोच धावता ठोका. सतरा तारखेचं पहिलं गाणं. बायकोने इतक्या दिवसांत पहिलं वाक्य उच्चारलं, हे तर त्याचंच आहे, दिवसभर फोनवर लावून बसायचा. मी खटका खाली केला. म्हातारा. वर केला. मुलगी. खाली. वर. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

कारखान्यातली नमुन्याची प्रत असणार. स्पीड लिहिलेला नाही यात माझा काय दोष? आणि चुकीच्या स्पीडवर जे इतकं थोर वाटतं, ते कोणाचं? ऐकणाऱ्याचंच ना? म्हातारा मी घडवला.

बायकोला हे पटलं नाही. म्हणाली, ज्या अल्बमसाठी त्याचा दात पाडलात तोच अल्बम तुम्ही देव्हाऱ्यात मांडलाय, हे त्याला मतदानाआधी तुमच्या तोंडाने सांगा. सांगितलं नाहीत तर मी त्याच्याकडे जाते, मग बसा तुम्ही आणि तुमचा म्हातारा.

सांगणार. त्यात काय एवढं?

३१ डिसेंबर, रविवार, दुपार

मशीन आणि पाकीट घेऊन निघतोय. वाक्य पाठ केलंय. आरशात तीनदा म्हणून पाहिलं. गेल्याबरोबर सांगायचं, मेहुण्याला मिठी मारायची, तो हसेल, विषय संपला. सगळे म्हणतील, माणूस असावा तर असा.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

मेहुणा आला होता. नवा दात लावून. कोणाला ओळखू येणार नाही इतका बेमालूम. माझ्याकडे बघून हसलासुद्धा. म्हणाला, भाऊजी, दात तुम्हीच केलात ना, डॉक्टरांच्या तोंडून निसटलं.

इथे सांगायला हवं होतं. पण मास्तर म्हणाले, त्याने अजून तुमचा अल्बम ऐकलेला नाही, नियमाप्रमाणे आधी तो लावा. लावला. सवयीने तेहेतिसावर.

मेहुणा डोळे मिटून बसला. शेवटच्या गाण्याला त्याच्या गालावरून पाणी आलं. संपल्यावर म्हणाला, भाऊजी, मी चुकलो. हा माणूस माझ्या मनातलंच गातोय, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं. माझं मत तुम्हाला. मास्तर म्हणाले, माझंही, चावऱ्या माणसाला नाही. चष्मेवाल्याने तेच पट्टीविषयी म्हटलं. तीन मतं. मी जिंकलो.

जन्मात पहिल्यांदा जिंकलो. माणसाला दोन मिनिटं तरी मिळावीत की नाहीत?

मास्तरांनी फ्रेमवर लिहायला नाव विचारलं. मी म्हणालो, नाव नाही. मेहुणा मशीनवर वाकला. म्हणाला, चकतीच्या कडेला काहीतरी कोरलेलं असतं, बघू द्या. त्याची बोटं खटक्याजवळ गेली.

मी सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. हात आधी गेला.

बुक्की. पूर्ण ताकदीने. अपघात नाही. प्लेट तोंडातून उडाली, ओठ नाकापर्यंत फाटला. पडताना त्याने टेबल धरायला पाहिलं, खटका वर गेला, सुई रेकॉर्डवर पडली. मुलगी गायला लागली.

कोणी हललं नाही. मेहुणा फरशीवर बसून ऐकत होता. रक्त हनुवटीवरून गळत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. सगळं गाणं ऐकलं त्याने. मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मग चष्मेवाल्याने त्याला उठवलं आणि दवाखान्यात नेलं.

मास्तर म्हणाले, मंडळ बरखास्त. ते मला मारतील म्हणून मी थांबलो होतो. त्यांनी पट्टी काढलीच नाही, कोट घालून गेले.

मशीन घेऊन घरी आलो तर कपाट उघडं. तिच्या साड्या नाहीत.

१ जानेवारी, सकाळ

संकल्प सुचला नाही.

मशीन पंचेचाळिसावर ठेवलं आणि अल्बम सबंध ऐकला. मध्ये उठलो नाही. मुलगी फार छान गाते. दुसऱ्या गाण्यात मध्येच तिला हसू येतं आणि ती ते तसंच ठेवते. त्या दिवशी तो थांबा, दुसरं ऐका म्हणाला होता, ते यासाठी.

हे सांगायला त्याला फोन केला. बायकोने उचलला. म्हणाली, त्याला बोलता येत नाही, ओठाला टाके आहेत. मी म्हणालो, बोलू नको म्हणावं, नुसतं ऐक म्हणावं, फोन त्याच्या कानाला लाव. तिने लावला असावा, श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, दुसरं गाणं. एवढंच म्हणालो. पुढचं पाठ केलेलं आठवेना.

मग पुन्हा तिचा आवाज आला. म्हणाली, तो हाताने नको म्हणतोय.