डोंगरावरची जमीन कोणाच्या नावे

मी, वडिवांबाळ, मुत्तैया यांची मुलगी, वय एकाहत्तर, मदुरैतल्या मुलींच्या कॉलेजातली तमिळची निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा भाचा इळंगोवन याला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचा दाखला आणावा.

१. मदुरैतले राहते घर इळंगोवनला. त्यातल्या सत्काराच्या शाली आणि ढालीही त्यालाच, कारण त्या त्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या. अण्णा वादसभा गाजवणारे वक्ते होते. जुन्या कवितांमधले प्रेमिक डोंगरात भेटतात, तू कोण, कुठला, असे कोणी विचारत नाही, हे त्यांनी सांगितले की मंडप टाळ्यांनी दणाणायचा. आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे शिक्षक मला मागणी घालायला आले, तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या चर्चमध्ये जाता?" आणि त्यांना दारातूनच परत पाठवले. त्याच संध्याकाळी अण्णांचे प्रेमावर भाषण होते आणि पहिले बक्षीसही त्यांनाच मिळाले. ती ढाल इळंगोवनने सर्वांत आधी उचलावी.

२. माझी पुस्तके कॉलेजच्या तमिळ विभागाला, पण विभागप्रमुखांनी एकदा तरी डोंगर चढला तरच. आमच्या कवितेत प्रेमाच्या प्रत्येक अवस्थेला आपली भूमी आहे. मिलनाला डोंगर, वाट पाहण्याला रान, रुसव्याला शेतमळा, झुरण्याला समुद्रकिनारा, ताटातुटीला रखरखीत माळ. प्रमुख हे सगळे भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकवतात आणि कोडैक्कानलच्या घाटात पहिल्याच वळणाला त्यांना उलटी होते. सोबत थोडी लिंबे द्यावीत.

३. माझी मैत्रीण पोन्नुत्ताई हिला माझे कॉफीचे फिल्टर मी आजच देऊन टाकले, कारण तिला साक्षीची सही करायची आहे. कवितेतल्या सखीप्रमाणे तिने माझे निरोप पोचवले आणि कधी तोंड उघडले नाही. तिच्या स्वभावाला हे फार जड गेले असणार.

४. आता कोडैक्कानलजवळच्या पूंबारैची जमीन. वर लसणाचे वाफे, पत्र्याची खोली आणि उतारावर कुरिंजीची, म्हणजे कवितेतल्या मिलनाच्या फुलाची, झुडपे. बारा वर्षांनी एकदा निळा बहर येतो. मागच्या वर्षी आला, तेव्हा आम्ही दोघे बसने जाऊन पाहून आलो. इळंगोवनला तिथे हॉटेल बांधायचे आहे. हॉटेलला कुरिंजीचे नाव द्यायचे आणि झुडपे तोडून मोटारी लावायला जागा करायची, असा त्याचा नकाशा आहे. जमीन त्याला मिळू नये, एवढ्याचसाठी हे मृत्युपत्र.

मी पहिल्यांदा लिहिले होते, "ज्यांनी मला कुरिंजी दाखवली, त्यांना." आमच्या प्रेमकवितेत नायक-नायिकेला नाव नसते. नाव आले की ती प्रेमकविता राहत नाही, हे मी आयुष्यभर शिकवले आणि तसेच वागलेही. वनस्पतिशास्त्राच्या त्या शिक्षकांना मी चारचौघांत काय, एकांतातही 'सार', म्हणजे सर, असेच म्हणते. वकीलबाई कयलविळी माझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "टीचर, कोर्टाला नाव लागतं. नाही लिहिलंत तर तुमचा भाचा असे दहाजण उभे करेल, आणि जमीन शेवटी त्याच्याच घशात जाईल."

मी पोन्नुत्ताईकडे पाहिले. तेव्हा ती म्हणाली, "कवितेत नायिकेच्या वतीनं सखी बोलते गं, कबूल. पण आता माझे दात पडलेत. तूच बोल."

म्हणून मी सांगते. जमीन, खोली आणि झुडपे अरुमैनायगम यांना. ज्याला जमीन मिळते त्याने साक्षीची सही करायची नसते, म्हणून ते बाहेर व्हरांड्यात बसले होते. कयलविळीला नीट लिहून घेता यावे म्हणून मी नाव मोठ्याने उच्चारले. बाहेरून लगेच "ओ" आली.

इतकी वर्षे ते ओ द्यायला तयारच बसले होते. मला फार वाईट वाटले आणि फार बरेही वाटले. हे वाक्य कायद्याला नको आहे, पण खोडू नये.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.
वडिवांबाळ

आमच्यासमोर सही झाली:
१. पोन्नुत्ताई, शेजारीण
२. कयलविळी, वकील

मदुरै, ९ मार्च २०१९