दुरुस्तीची सही

प्रिय भिंगरी,

बाबांना पाठवलेल्या नोटिशीची प्रत मिळाली. वर तुझी चिठ्ठी होती, ‘शोधा एखादी चूक, मुद्रितशोधकबाई!’ कायद्याच्या दुसऱ्या वर्षालाच बापाकडे पोटगी मागणारी मुलगी म्हणून वसतिगृहात तुझं नाव झालं असेल. शुद्धलेखन निर्दोष आहे. पण ‘त्यांनी गेल्या चौदा वर्षांत एकही पैसा दिला नाही’ या वाक्याशी मी दहा दिवस अडले आहे. ते खरं आहे, आणि तसंच सोडता येत नाही.

आम्ही वेगळे झालो तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. कोर्टाने त्याला तुझी पोटगी ठरवून दिली होती, आणि दर रविवारी चार ते सहा तुला न्यायची मुभा. तू परत यायचीस ती त्याचे शब्द तोंडात घेऊन. त्याच्यासारखीच ‘अरेच्चा, गंमतच आहे!’ म्हणायचीस. त्याने कधी हात उगारला नाही, वाईट बोलला नाही, हे मी इथे मुद्दाम लिहिते. मला फक्त ते ‘अरेच्चा’ सहन होत नव्हतं.

मग त्याची नोकरी गेली, पोटगीचे दोन हप्ते थकले. वसुली लावली तर तुरुंगही होऊ शकतो, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. कोर्टाच्या व्हरांड्यात तडजोड झाली: मी पोटगी सोडायची, त्याने रविवार. तू सज्ञान होईपर्यंत भेट नाही, पत्र नाही. कागद टाइप करणाऱ्या बाई वयस्क होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “अहो, पोटगी लेकराची असते. आईला ती सोडता येत नाही. उद्या लेकरू विचारेल, तेव्हा काय सांगाल?” मी म्हटलं, “माझं लेकरू आहे, मी बघून घेईन.” त्यांनी ‘मुलगी अज्ञान होईपर्यंत’ असं टाइप केलं होतं. मी सवयीने लाल पेन काढलं, ‘अ’चा ‘स’ केला आणि समासात सही ठोकली. वाचलं नव्हतं, घाईत सही केली, असं म्हणायची सोय मी स्वतःच मिटवली.

पुढचे सात रविवार तू दुपारी बूट घालून दारापाशी बसलीस. “आज त्यांना काम आहे,” मी सांगायची. आठव्या रविवारी तू बूट आपणहून पलंगाखाली सारलेस. तेव्हापासून रविवारी चारला मला बेल ऐकू येते. घर बदललं, या घराच्या बेलचा आवाज वेगळा, तरी वाजते ती जुनीच. कितीदा दार उघडलंय. समोरच्या वहिनी विचारतात, “कोण आलं हो?” काय सांगणार? रिकामा जिना असतो. एकदा तर मी तळमजल्यापर्यंत उतरून बघून आले.

मी त्याच्याविरुद्ध तुला एक शब्दही सांगितला नाही, याचा मला बरीच वर्षं अभिमान होता. तू त्याला ‘फुकट्या’ म्हणू लागलीस तेव्हा मी नुसती हसले. तडजोडीच्या दिवशी डायरीत लिहिलंय, ‘घसा बसला आहे. काढा घेतला.’ बाकी पान कोरं. स्वतःशीही खरं न लिहिणाऱ्या बाईने डायरी ठेवावी कशाला?

गेल्या रविवारी त्याचा फोन आला, चौदा वर्षांनी. आवाज म्हातारा झालाय. म्हणाला, “नोटीस मिळाली. छान लिहिते गं पोरगी.” मग म्हणाला, “तो कागद माझ्या कपाटात आहे. वकिलाला दाखवणार नाही. तिला एकच माणूस उरलंय, ते कशाला हिरावू? मागते तेवढं भरीन.” आणि फोन ठेवला. म्हणजे मी गप्प बसले तर तू जिंकतेस, मी तुझ्या लेखी आहे तशीच राहते आणि तो फुकट्याच राहतो. मी चार दिवस गप्प बसले. चारही रात्री गाढ झोप लागली, आणि त्या झोपेचीच मला भीती वाटली. माझ्याकडच्या कागदाची प्रत सोबत ठेवली आहे, मागे त्याचा नंबर लिहिलाय. फोन करायचा की नाही, ते तू ठरव. दावा मात्र मागे घेऊ नकोस. त्यात प्रतिवादी म्हणून माझंही नाव घाल.

तुझीच,
आई