पेणचा योसेफ

रेवदंडा, २८ डिसेंबर २०२४

प्रिय सुचित्रा आत्या हिला मैनाचा सप्रेम सलाम, वि. वि.

नाताळच्या करंज्या पोचल्या का? मोबाईलवर विचारलं तर तू उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद.

येशूजन्माच्या देखाव्यांच्या चर्चच्या स्पर्धेत आमच्या गोठ्याला पहिला नंबर आणि कप मिळाला! आता खरं ऐक. मूर्ती घरच्यांनीच करायच्या असा नियम. आमचे मरिया आणि योसेफ मात्र आमच्या नवरोबाने, जीवनने, पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून करवून आणले, एसटीत मांडीवर घेऊन. योसेफाचा हातसुद्धा आशीर्वादाला उठलाय! घरची म्हणावी तर सासऱ्यांनी, म्हणजे पापांनी, केलेली मातीची गाय. ती दिसते डुकरासारखी, म्हणून आम्ही पेंढ्यामागे लपवली. फादरांनी विचारलं तेव्हा पापा म्हणाले, सगळं घरीच केलं. फादरांनी माझ्याकडे बघितलं आणि मीही हो म्हणून बसले. दर रविवारी मुलांना खोटी साक्ष देऊ नका म्हणून शिकवणारी मी!

दुसरा नंबर वेणूबाई आणि कमळ या बहिणींचा. महिनाभर शिंपले चिकटवून बिचाऱ्यांची बोटं सोलली.

पण आत्या, सासूबाई गेल्यापासून दोन वर्षांत पापा पहिल्यांदा असे हसलेत. कप रोज पुसतात. ते हसू मी कशी काढून घेऊ? आणि गप्प राहिले तर घास उतरत नाही. काय करू, लवकर कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
मैना

अलिबाग, ३१ डिसेंबर २०२४

चि. मैना हिला अनेक आशीर्वाद.

करंज्या पोचल्या. सात फुटल्या होत्या, त्या आधी खाल्ल्या.

अगं वेडे, चाळीस वर्षं नर्स होते मी. दुखणार नाही म्हणून सुई टोचली की पेशंट पुन्हा हात पुढे करत नाही. दुखेल म्हणून सांगावं आणि हात धरून ठेवावा. तेव्हा फादरांच्या आधी पापांना सांग. चर्चमध्ये उभी राहशील तेव्हा फक्त तुझं खोटं सांग, त्यांचं नको. मी प्रार्थना करतेच आहे. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसून करते, देवाला चालतं.

नव्या वर्षात धीट हो, आणि माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आत्या

रेवदंडा, ६ जानेवारी २०२५

प्रिय आत्या, सप्रेम सलाम, वि. वि.

सांगितलं गं! शनिवारी चहा देताना पापांना सांगितलं, की उद्या मी खरं बोलणार. त्यांचा चहा तसाच गार झाला. मला रडूच आलं.

काल चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपल्यावर उभी राहिले. मी खोटं बोलले, मूर्ती मी केल्या नाहीत, एवढं कसंबसं म्हटलं, तोच मागून पापा उठले. खणखणीत आवाजात म्हणाले, की सून माझी लाज राखायला खोटं बोलली, योसेफ पेणचाच आहे. पण गाय माझी आहे! आधी फादरांनाच हसू फुटलं, आणि मग अख्खं चर्च हसलं. पापा सगळ्यात मोठ्याने!

कप त्यांनी स्वतः वेणूबाईंच्या घरी नेऊन दिला. त्यांच्या गोठ्यात गाय नव्हती, म्हणून कमळने आमची मागून घेतली आणि अगदी पुढे मांडली. पापा कालपासून दोनदा जाऊन बघून आलेत.

आज सकाळपासून ओटीवर चिखल करून बसलेत. पुढच्या नाताळचा योसेफ चाललाय म्हणे. तोही सध्या गाईसारखाच दिसतोय. पण फादरांनी विचारलं, तर या वेळी मी बिनधास्त हो म्हणेन.

गुडघ्यांना जप, आमच्यावर अशीच माया ठेव.
तुझी धीट झालेली,
मैना