स्कार्थची कानखूण

३ मार्च १६८४
आजपासून मी परगण्याच्या कोर्टाचा कारकून! कचेरी म्हणजे टॉलिव्हर शेरीफच्या खाणावळीतली मागची खोली. पण छप्पर गळत नाही आणि मक्याची लापशी पोटभर मिळते, आणखी काय हवं? जुनं दप्तर उंदरांनी निम्मं वाचून काढलंय. इथली गुरं-डुकरं रानात मोकळी चरतात, म्हणून मालक ओळखू यावा असा जनावराच्या कानाला काप देतात; प्रत्येक मालकाची ही कानखूण कोर्टाच्या वहीत नोंदवलेली असते. एकाची खूण दुसऱ्याला द्यायची नाही, हा इथला कायदा.

६ मार्च
डोर्कस पिम ही विधवा मुलीला घेऊन आली. नवरा इकडे येताना जहाजावरच वारला. उरल्या दोन गाई, त्यांना खूण हवी. सोप्या खुणा सगळ्या लोकांनी आधीच पटकावलेल्या. शेवटी गॅब्रिएल स्कार्थची सापडली: उजवा कान छाटलेला, डाव्याला दोन चिरा. तो मरून वीस वर्षं झाली, मागं कुणी नाही. मी त्याचं नाव खोडून ‘डोर्कस पिम व तिचे वारस’ असं लिहिलं.

टॉलिव्हरनं कपाळाला हात लावला. म्हणाला, अहो कारकूनसाहेब, खूण मालकानं भर कोर्टात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सोडायची असते, तुम्ही कोण खोडणार? मी म्हटलं, मग बोलवा की त्याला थडग्यातून! एरवी दात काढणारा हा माणूस आज हसला नाही.

१९ मार्च
पिमबाईच्या दोन्ही गाई रानात मेल्या. कान मुळापासून कापून नेलेत, बाकी अंगावर ओरखडा नाही. टॉलिव्हर म्हणतो, लांडग्याला कधीपासून सुरी धरता यायला लागली?

२७ मार्च
पिमबाई भर दुपारी विहिरीपाशी मेलेली सापडली. कान नाहीत. हे माझ्या हातून झालं. मी नियमाची थट्टा केली, आणि भोगलं तिनं.

मुलगी टेंपरन्स नऊ वर्षांची आहे. वारस तीच.

१ एप्रिल
तिला खाणावळीत आणून ठेवलं. सकाळी तिच्या उजव्या कानाच्या टोकाला बारीक लाल रेघ. झोपेत कुणीतरी माप घेत होतं, म्हणाली.

नोंद खोडायला बसलो. शाई कागदाला लागतच नाही. न्यायाधीश क्रॉशॉ म्हणाले, चूक कोर्टाच्या वहीत झाली, ती भर कोर्टातच निस्तरायची. मालकाचा पुकारा करू.

८ एप्रिल, कोर्ट
टेंपरन्स माझ्याशेजारी. माझी बाही धरून बसलीय. काहीही झालं तरी हिला वाचवायचं.

टॉलिव्हरनं दारात पुकारलं, गॅब्रिएल स्कार्थ! एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा —

बाहेरून कुणीतरी हजर म्हणालं.

उंबऱ्यात उभा आहे. ओली माती गळतेय. क्रॉशॉ विचारतात, खूण सोडतोस का? — नाही म्हणतो.

मी ओरडलो, मग तुझी खूण तू परत घे, पोरीला सोड! — घेतो म्हणाला. ज्यानं खोडली त्याच्याकडून.

‘डोर्कस पिम व तिचे वारस’ ही ओळ वहीतून आपोआप पुसली गेली. टॉलिव्हर तिला उचलून पळाला. देवा, सुटली —

माझ्या मागे येऊन उभा राहिलाय. लिही म्हणतो. कारकून आहेस ना, नोंद पुरी कर.

उजवा कान, छाटलेला —

डाव्याला चीर, एक —

दु